मौजेचा रकाना

जगातल्या यच्चयावत अर्जांमध्ये मौजेला रकाना नाही, हे माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीतलं एकमेव मूलभूत संशोधन आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून मी अर्ज किती तपासले याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल. कर्ज कशासाठी? घरदुरुस्ती, मुलीचं शिक्षण, लग्नकार्य, आजारपण, दुचाकी वाहन. ‘मौज म्हणून’ असं लिहिणारा इसम मला अजून भेटायचा आहे. वास्तविक लग्नकार्य संपल्यावर उरलेल्या पैशांत सहकुटुंब काश्मीर करून आलेली मंडळी जगात काही कमी नाहीत. पण कागदावर सगळं कसं गंभीर. माणसानं मौज करायला हरकत नाही, फक्त तिचं नाव घेऊ नये, असा काहीसा आपल्याकडे रिवाज आहे. नवऱ्याचं नाव पूर्वी बायका घेत नसत, तसाच.

हा विषय डोक्यात घुसला तो आमच्या अण्णांच्या बंदुकीमुळे. अण्णा म्हणजे माझे सख्खे काका. देवगड तालुक्यात एका आडगावी राहतात, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, चाळीस कलमं आंब्याची, थोडे काजू आणि एक ठासणीची बंदूक. बँकेत नोकरी करणारा पुतण्या म्हणजे भूतलावरचे सर्व फॉर्म भरता येणारा पुतण्या, अशी त्यांची समजूत असल्यामुळे बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं की कागदांचं पुडकं घाटकोपरला येतं. पहिल्यांदा तो परवाना हातात घेतला तेव्हा त्यावर हत्याराचा प्रकार लिहिला होता : ‘एस.बी.एम.एल.’ माझ्यासारख्या माणसाला एस.बी. म्हणजे सेव्हिंग्ज बँक याखेरीज दुसरा अर्थ सुचणंच शक्य नाही. नंतर कळलं, हे सिंगल बॅरल मझल लोडिंग. म्हणजे एकनळी आणि तोंडाकडून भरायची. तरी मला माझाच अर्थ बरा वाटला. कारण या बंदुकीचा एकूण स्वभाव बचत खात्याचाच आहे. भरायला वेळ लागतो, हळूहळू भरावं लागतं आणि एका क्षणात सगळं रिकामं होतं.

पुडकं आल्यावर मी १९५९ चा शस्त्रांचा कायदा काढून वाचला. बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ होता, त्यामुळे कायदा वाचून न समजण्याची मला रीतसर सवय आहे. पण एक गोष्ट समजली आणि सुखावून गेली. कलम १३ मध्ये परवाना कुणाला द्यावा हे सांगताना आमच्या ठासणीच्या बंदुकीचा चक्क नावानं उल्लेख आहे. शेतीच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं तिथं म्हटलंय. केवढा मान! संसदेनं नाव घ्यावं असं आमच्या घरात दुसरं काही नाही. मात्र त्या ‘खऱ्याखुऱ्या’ शब्दानं मला विचारात पाडलं. म्हणजे खोटंखोटं शेतीरक्षणही असतं की काय? आणि असलं तर ते करताना माणसाच्या चेहऱ्यावर नेमके कोणते भाव असतात? कारण बंदूक उडवताना अण्णांच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते मला तरी शेतीरक्षणाचे वाटत नाहीत. ते भाव मी फक्त बासुंदीची दुसरी वाटी समोर आलेल्या माणसाच्या तोंडावर पाहिलेले आहेत.

ही बंदूक आजोबांनी एका म्हशीच्या निम्म्या किमतीत घेतली असं घरात सांगतात. दस्ता एके ठिकाणी चिरलाय, तिथं तांब्याची तार गुंडाळली आहे. शोभेच्या कपाटात ठेवावी असं तिच्यात काहीही नाही. पण ती उडवण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. अण्णा आधी माप काढतात. त्या मापानं काळी दारू नळीच्या तोंडातून आत सोडतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं हे मिश्रण माणसाला हजार वर्षांपासून ठाऊक आहे, आणि जवळजवळ तितकीच वर्षं तो त्यापायी भाजूनही घेतो आहे. मग नारळाच्या काथ्याचा बोळा आत जातो. मग गज घालून ते सगळं ठासायचं. ठासणीची बंदूक हे नाव इथून आलं. ठासणं नीट झालं की नाही हे अण्णा कानानं ओळखतात, आई तळणीचं तेल तापलं की नाही हे ओळखायची तसं. मग घोडा अर्धा ओढून त्याखाली तांब्याची चिमुकली केप बसवायची, घोडा पुरा ओढायचा, दस्ता खांद्याला लावायचा आणि चाप ओढायचा. मी घड्याळ लावून पाहिलंय, अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत वानर एक आंबा खाऊन, दुसऱ्याचा एकच लचका तोडून, तो खाली टाकून तिसरा निवडतो. मी एकदा न राहवून म्हटलं, “अण्णा, जरा लवकर.” तर म्हणाले, “घाई कित्याक करतंस? वानर खंय जातले?” हे शेतीरक्षण!

यानंतर धडाम्! आणि धूर. पांढरा, दाट, कुजक्या अंड्याच्या वासाचा. हल्लीच्या बंदुकांना धूर जवळजवळ नसतो, पण काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक ऐवज राख आणि काजळी होऊन बाहेर पडतो. त्यामुळे बार काढणारा माणूस आपण काय केलं ते लगेच पाहूच शकत नाही. वाऱ्याच्या मर्जीनं धूर हलेपर्यंत त्याला थांबावं लागतं. परगावी पैसे पाठवून पोचपावतीची वाट पाहावी, तसं. संध्याकाळी ती नळी गरम पाण्यानं धुवायची, पुसायची, तेल लावायचं, नाही तर रात्रीतून गंज. म्हणजे एका धडाम्-साठी तासाभराची भांडी. काकू म्हणते, घरातल्या ताटांना पुरुषमाणसाचा हात लागला नाही, पण या सटवीला रोज आंघोळ आहे.

आता खरी गोष्ट ऐका. अण्णांच्या बंदुकीत छर्रे नसतातच. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यापासून शिकार बंद झाली, आणि अण्णांना तसाही जीव मारण्यात रस नव्हता. वानरं पळावीत म्हणून नुसत्या दारूचा बार हवेत. ठीक आहे. पहिला बार निघाला, वानरं शेजारच्या बागेत गेली. दुसरा निघाला, ती शेजारच्या बागेतून पुढच्या बागेत गेली. इथं शेतीरक्षण संपलं. परंतु अण्णांनी तिसऱ्यांदा माप काढलं. समोर वानर नाही, माकड नाही, डुक्कर नाही. कातरवेळ, लांब समुद्राची रेघ आणि कलमांवर एक पानसुद्धा हलत नाही. अण्णांनी तितक्याच निगुतीनं दारू भरली, ठासली, केप लावली आणि कशावरही नेम न धरता बार काढला. मग धुरात उभे राहून एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “ह्येका म्हणतत बार!” आतून काकूनं विचारलं, “ह्यो कोणासाठी होतो?” अण्णांनी उत्तर दिलं नाही.

काकूच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी गेली दोन वर्षं शोधतो आहे.

मुंबईला परत आल्यावर ही हकीकत मी आमच्या मजल्यावरच्या शेठना सांगितली. शेठ कच्छी जैन, एम.जी. रोडवर भांड्यांचं दुकान, सूर्यास्तापूर्वी जेवणारे आणि सूर्यास्तानंतर गॅलरीत उभं राहून तत्त्वचिंतन करणारे. घाटकोपरमध्ये असा एक तरी शेजारी प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि तो येत नाही त्यानं घाटकोपरमध्ये राहून उपयोग काय? मला वाटलं होतं, छर्रे नाहीत म्हटल्यावर शेठ खूश होतील. ते झाले नाहीत.

“साहेब,” ते म्हणाले, “पहिले दोन बार मी समजू शकतो. तिसरा फार वाईट.”

मी म्हटलं, “अहो शेठ, तिसऱ्या वेळी तर समोर कुणीच नव्हतं!”

“म्हणूनच तर वाईट.”

आणि मग त्यांनी मला अनर्थदंड हा शब्द सांगितला. जैन गृहस्थाच्या बारा व्रतांत एक व्रत असं आहे की, विनाकारण हिंसा घडेल असं काही करू नये. कामासाठी, पोटासाठी जे करावं लागतं त्याचा दोष आहेच, पण त्याला निदान कारण आहे. कारणावाचून केलेल्याला तेवढीही सबब नाही. शिवाय हिंसा दोन प्रकारची, एक प्रत्यक्ष घडते ती आणि एक मनात घडते ती. त्यांच्या शब्दांत द्रव्यहिंसा आणि भावहिंसा. दुसरी अधिक वाईट, कारण ती कुणी पंचनामा करून पकडू शकत नाही.

एवढ्यावर न थांबता त्यांनी मला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक चंपू’त सांगितलेली. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा म्हणतो, जीव मारणार नाही. मग मायलेकांची तडजोड होते, पिठाचा कोंबडा करावा आणि त्याची मान उडवावी. (तडजोड हा प्रकार दहाव्या शतकातही घरच्या वडीलधाऱ्या बाईच्याच बाजूनं होत असे, हे नोंदवून ठेवतो.) राजा पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवतो. फळ काय? पुढल्या जन्मी राजा मोर होतो, आई कुत्रा होते आणि अनेक जन्म दोघांची फरफट होते. शेठ म्हणाले, “कोंबडा पिठाचा होता साहेब. मारणारा तर खरा होता ना?”

खरं सांगतो, या वाक्यानं माझी झोप उडाली. कारण जगातले हौशी नेमबाज ज्या कागदाच्या वर्तुळावर गोळ्या झाडतात तो पिठाचा कोंबडाच नाही का? जत्रेतले फुगे? जुहूच्या वाळूत फळीवर लावलेले रंगीत फुगे छर्‍याच्या बंदुकीनं फोडताना आमच्या सौ.च्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो, त्याच्या पाठीमागे कोण असतं याची मी अजून चौकशी केलेली नाही. एका फुग्याला तिनं “हा तुमचा रिजनल मॅनेजर” म्हटलेलं मात्र ऐकलं आहे.

शेठना उत्तर द्यायचं म्हणून मी पुरावे गोळा करायला लागलो. कोडगूमध्ये कोडव लोकांना शस्त्र परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. सप्टेंबरात कैलपोळ्दु नावाच्या सणाला ते बंदुका पुसून पूजेला मांडतात, त्यांना फुलं वाहतात आणि मग उंच झाडाला बांधलेल्या नारळावर नेम धरतात. आपण खंडेनवमीला नोटा मोजण्याच्या मशीनला हार घालतो तसंच हे. (आमच्या शाखेतलं मशीन हार घातल्यानंतर दोन दिवस झेंडूची पाकळी मोजत बसतं.) गंमत म्हणजे बंदुकीवर वाहण्याचं त्यांचं खास फूल म्हणजे आपली कळलावी. बंदुकीला कळलावी! जगातल्या एकाही परराष्ट्र मंत्रालयाला इतकं समर्पक काही सुचलं नसेल. कोकणी माणूस म्हणून माझा आक्षेप एवढाच की नारळ फुटतो आणि खोबरं रानात जातं.

अमेरिकेत तर या हौशीचा संसारच आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानं ठासणीच्या बंदुकीला बहुतेक बाबतीत बंदूकच मानलेलं नाही, ती पुराणवस्तू. त्यामुळे साधीसुधी ठासणीची रायफल तिथला कारकूनसुद्धा विकत घेऊ शकतो, सुटे भाग आणून घरी जोडू शकतो. तिथल्या ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संस्था १९३३ साली निघाली आणि तिचा मेळा इंडियाना राज्यात ज्या खेड्यात भरतो त्याचं नाव फ्रेंडशिप, म्हणजे मैत्री. मी हे रचून सांगत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धाही १९७१ पासून होतात. अर्ध्या तासात तेरा बार काढायचे आणि त्यातले उत्तम दहा धरायचे. तीन बार सोडून द्यायची ही पद्धत मला फार आवडली. आमच्या बँकेत दिवसाच्या शेवटी तीन चुका सोडून द्यायची सोय असती, तर कॅशियर जमातीचं आयुर्मान वाढलं असतं.

आणि लांब कशाला, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि तेव्हा त्याची नोकरी होती मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची! त्या दिवशी घाटकोपर स्टेशनवर मी पास काढून तीनदा चाचपला. ती रायफल ठासणीची नव्हे, ती लाखांच्या हिशेबातली. पण कागदावरचं वर्तुळ तेच आणि त्याला भावहिंसा म्हणायला माझी जीभ वळत नाही. सबंध राज्य त्या दिवशी त्या वर्तुळाकडे पाहत होतं, ते काय खुनशी नजरेनं?

इथं मला आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती विषयाला जरा सोडून आहे पण सांगतोच. महाग मौजेला कुणी कारण विचारत नाही. आमच्या शेजारी चेंबूरला गोल्फचं मैदान आहे. भल्या पहाटे सुखवस्तू माणसं एक पांढरा चेंडू काठीनं दूर घालवतात आणि मग तो शोधायला जातात. हे का, असा अर्ज त्यांच्याकडून कुणी भरून घेत नाही. पण चिरलेल्या दस्त्याला तार बांधून हवेत बार काढणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या बायकोपासून संसदेपर्यंत सगळे विचारतात, कशासाठी? आता बंदूक आणि गोल्फची काठी एक नव्हे, हे मलाही कळतं. बंदुकीला कारण विचारलंच पाहिजे. माझी तक्रार विचारण्याबद्दल नाहीच. उत्तर काय आलं म्हणजे आपण निर्धास्त होतो, तिथं माझी गाडी अडते.

शेठविरुद्ध माझा पहिला मोठा युक्तिवाद अडीच मिनिटांचा होता. मी म्हटलं, या बंदुकीचं पुण्य तिच्या दिरंगाईत आहे. बँकेत मोठ्या रकमेच्या चेकवर दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. मधल्या वेळात शहाणपणाला येऊन बसायला खुर्ची मिळावी म्हणून. ठासणीच्या बंदुकीत तपासणारा अंगभूत आहे. कलाश्निकॉव्ह मिनिटाला सहाशेच्या वेगानं गोळ्या सोडते, तिथं राग आला आणि गेला यांच्यामध्ये अख्खं गाव संपतं. ठासणीत राग आला की आधी माप शोधावं लागतं!

शेठ या युक्तिवादावर निम्मे विरघळलेही असते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मलाच पटेना. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी जी कापाकापी केली, ती तोंडाकडून भरायच्या बंदुकांनीच. १८५७ साली ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबीच्या काडतुसांवरून देश पेटला, तीसुद्धा ठासणीचीच. सरावाचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. म्हणजे ठासणीची बंदूक हळू म्हणून सोज्वळ, हे काही खरं नाही. दहा हजार माणसं एका रांगेत हळूहळू वागली तरी संध्याकाळपर्यंत भरपूर काम होतं. आमच्या खात्याचा अनुभव आहे.

आणि घाटकोपरमध्ये बसून बंदुकीवर लिहायचं म्हणजे एक गोष्ट टाळून पुढं जाता येत नाही. ११ जुलै १९९७. मी तेव्हा बारावीला होतो. रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची रात्रीतून विटंबना झालेली, सकाळी लोक रस्त्यावर आलेले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. आमच्या घरापासून ही जागा चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आवाज आला का म्हणून नंतर नातेवाईक विचारायचे. आम्हाला आला नाही. हायवेचा आवाज मोठा असतो. दुपारी मात्र खाली वाण्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं आणि वडील ऑफिसातून चालत घरी आले, आणि त्या रात्री आमच्याकडे कुणी रेडिओसुद्धा लावला नाही. आजही ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून बस त्या वस्तीपाशी आली की मी खिडकीबाहेर बघतो. शहिदांचं स्मारक आहे तिथं.

त्या सकाळच्या बंदुकांना कारण होतं. म्हणजे कागदावर होतं, कायदा व सुव्यवस्था. प्रत्येक गोळी हिशेबात होती, प्रत्येक काडतूस कुठल्या तरी रजिस्टरात कुणी तरी माझ्यासारख्याच कारकुनानं सुंदर अक्षरात उतरवलेलं असणार. पानिपतावरच्या बंदुकांनाही कारण होतं, बराकपूरच्याही. जगाच्या पाठीवर ज्या ज्या गोळीनं माणूस मेला त्या बहुतेक गोळीच्या मागं उद्देशाचा रकाना नीट भरलेला सापडतो. स्वसंरक्षण, राष्ट्र, धर्म, शिस्त. ‘मौज’ लिहिलेलं क्वचितच. मग शेठ, मी म्हटलं, तुमचा हिशेब मला उलटा वाटतो. अण्णांचा तिसरा बार कारणावाचून होता म्हणूनच त्यात कुणाचं काही गेलं नाही. पहिल्या दोन बारांना कारण होतं, आणि कारण आलं की समोर कुणी तरी लागतं, निदान वानर तरी. तिसऱ्याला समोर कुणीच नको होतं. ती मौज एकट्यानं पुरी झाली. फुगेवाल्याकडे सौ.ला फुग्यात रिजनल मॅनेजर बघावा लागला, तिथं मात्र मी तुमच्याकडून आहे.

शेठ बराच वेळ गप्प राहिले. खाली एका फेरीवाल्याची आणि एका रिक्षावाल्याची कारणासहित बाचाबाची चालली होती. मग ते म्हणाले, “बरोबर. पण हात तर बसतो ना?”

हा आक्षेप खरा जड. मौज म्हणून केलं तरी हात तयार होतो, आणि तयार हात कुणाच्या उपयोगी पडेल याचा काही नेम नाही. आपल्या भाषेत ‘नेम’ हा एकच शब्द तीन कामं करतो. बंदुकीचा नेम धरायचा, एकादशीचा नेम करायचा आणि माणसाचा काही नेम नाही म्हणायचं. शेठचं म्हणणं असं की, पहिल्यातून दुसरा निघतो असं तुम्ही सांगता, पण निघतो तिसरा. इतिहासही त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. विलायतेत नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ साली निघाली ती फ्रेंच येतील या धास्तीनं. १८६० च्या पहिल्या मेळ्यात विम्बल्डनला पहिला बार व्हिक्टोरिया राणीनं काढला. व्हिटवर्थची रायफल आधीच तिवईवर नेम धरून पक्की बसवली होती, राणीनं फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि गोळी मध्यबिंदूच्या अगदी जवळ लागली. नेम व्हिटवर्थचा, नाव राणीचं. आमच्या शाखेत ठेवींचं उद्दिष्ट याच पद्धतीनं पुरं होतं. पण त्या हौशीतून पुढं पलटणी उभ्या राहिल्या हे नाकारता येत नाही.

माझ्याकडे फक्त एक साक्षीदार होता. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकायला जोतीराव फुले जात होते. तेव्हाची निशाणबाजी म्हणजे अर्थातच ठासणीची. इंग्रजांना घालवावं अशी त्या वयातली ऊर्मी होती, म्हणजे हात कारणासाठीच बसवलेला. त्याच हातानं १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. हात बसला की तो गोळीच झाडतो असं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

“एक फुले,” शेठ म्हणाले. “आणि पलटणी किती?”

मी आकडेमोड करणारा माणूस आहे. हे गुणोत्तर मला सोडवता आलं नाही. शेठनाही माझा तिसरा बार पुरता खोडता आला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. कारण आठ दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, “काकांना एक निरोप द्या. मौज करायची तर करू द्या. फक्त बार काढायच्या आधी झाडावर पाखरं बसली आहेत का, तेवढं बघायला सांगा. आवाजानं घरट्यातली पिल्लं दचकतात.”

मी त्याच रात्री देवगडला फोन लावला. निवडणूक जाहीर झालेली, त्यामुळे रिवाजाप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आंबा ऐन भरात आणि वानरांना आचारसंहिता लागू नाही, असा अण्णांचा मूड. पण निरोप ऐकून घेतला. म्हणाले, “तां माका सांगूक होया काय? मी आदी टाळये वाजवतंय. पाखरां उडान जातत, मगे घोडो ओढतंय.” एवढी वर्षं मी ते पाहिलं होतं आणि मला वाटत होतं, ते हात झटकताहेत.

दुसऱ्या दिवशी शेठना हे सांगितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. दुकानाच्या किल्ल्या हातात खेळवत ते दोन पायऱ्या खाली उतरले, थांबले आणि मान वर करून त्यांनी विचारलं, “तिसऱ्या बारालासुद्धा वाजवतात?”